स्मरणाची वही आणि स्मरणाचे पुराण

'क्रिस्तपुराणा'चे नाव निघाले की मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथम आठवते ती त्यातील मराठी भाषेची स्तुती. भाषणांतून आणि उत्तरपत्रिकांतून त्या ओव्या इतक्या फिरल्या आहेत की, हा ग्रंथ मुळात कशासाठी रचला गेला हा प्रश्न मागेच पडतो. वास्तविक त्याचे उत्तर कवीने ग्रंथारंभीच देऊन ठेवले आहे. गोव्यातील साष्टी प्रांतात नवख्रिस्ती मंडळी धर्मशिक्षणासाठी चर्चमध्ये जमली आहेत. त्यांतील एक जण पाद्री गुरूंपुढे आपली अडचण मांडतो. आमची पूर्वीची पुराणे आता आम्हांला वर्ज्य झाली; मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का मिळू नये, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. १५४९ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंनी या मागणीला सुमारे अकरा हजार ओव्यांचे उत्तर दिले. १६१६ मध्ये राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले.

मागणी करणाऱ्याला धर्मसिद्धान्त शिकवले जातच होते. देव एक आहे, आज्ञा दहा आहेत, हे त्याला पाठ होत होते. तरीही त्याला काहीतरी उणे वाटत होते. ज्या देवावर विश्वास ठेवायचा त्याने पूर्वी कोणासाठी काय केले, हे त्याला ओवीत ऐकायचे होते. प्रश्नोत्तरीने त्याला श्रद्धेची वाक्ये दिली होती. त्या श्रद्धेचा भूतकाळ त्याला हवा होता.

या मागणीकडे आम्ही आज एका विशिष्ट प्रश्नाच्या निमित्ताने वळत आहोत. ईश्वराने पूर्वी केलेले साहाय्य आठवावे, म्हणजे चालू संकटात श्रद्धा दृढ होते, ही शिकवण कॅथलिक जीवनात पदोपदी ऐकू येते. प्रवचनात ती येते, आजाऱ्याच्या उशाशी येते, अंत्यविधीनंतरच्या सांत्वनात येते. तिचा पाया बायबलमध्ये आहे यात शंका नाही. परंतु 'आठवणे' म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न जितका धर्मशास्त्राचा तितकाच कथनाचा आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकालाही त्यावर बोलण्याचा अधिकार पोहोचतो. आमचे मत असे की, या स्मरणाची दोन रूपे आहेत. सोयीसाठी त्यांना आम्ही 'वही' आणि 'पुराण' म्हणू. आज वहीचा जोर फार वाढलेला दिसतो. श्रद्धा मात्र पुराणाच्या बळावर टिकत आली आहे.

वहीचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत संत ज्यूड किंवा संत अँथनी यांचे आभार मानणाऱ्या दोन ओळी असतात. खाली नावाऐवजी आद्याक्षरे असतात. वांद्र्याला माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे, मेणाची बाळे वाहिली जातात. काही मागण्यासाठी, काही फेडण्यासाठी. प्रार्थनासभांतून साक्ष दिली जाते: आजार होता, प्रार्थना केली, आजार गेला. या कशाचीही आम्ही टर उडवू इच्छित नाही. दुखणाऱ्या हाताचाच आकार देवापुढे ठेवणाऱ्या माणसाने आपले दुःख फार नेमकेपणाने सांगितलेले असते. नवस बोलणे आणि नवस फेडणे ही मराठी मनाची जुनी भाषा आहे आणि त्या भाषेत कृतज्ञता खरी असते.

दोष आहे तो वहीच्या मांडणीत. तिला जमेचा एकच रकाना असतो. जिचे मूल सगळ्या नोव्हेना होऊनही वाचले नाही, ती आई साक्ष द्यायला उठत नाही. चुकून उठलीच, तर तिचे ऐकून काय करायचे हे सभेला ठाऊक नसते. तिची हकिकत वहीत कोठे लिहावी याला जागा नसते आणि हळूहळू तिला असे वाटू लागते की कमी पडली ती आपलीच प्रार्थना. ज्या आठवणींनी तिला आधार द्यायचा, त्याच तिच्यावर आरोप ठेवतात. इतरांना मिळालेले साहाय्य जितके रंगवून सांगावे, तितकी ती एकटी पडत जाते. श्रद्धा बळकट करण्याची रीत म्हणून या स्मरणाकडे पाहायचे असेल, तर त्याची कसोटी या आईपाशीच लागते, असे आम्हांला वाटते.

आता ज्या बायबलच्या आधारे हे स्मरण सांगितले जाते ते बायबल स्वतः कसे आठवते, हे पाहू. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील दगडाची कथा या विषयावरील प्रवचनांत हमखास येते. पलिष्ट्यांची पीछेहाट झाल्यावर शमुवेल एक दगड उभा करतो आणि त्याला एबन-एजर असे नाव देतो. त्याचा अर्थ साहाय्याचा दगड. परमेश्वराने आपल्याला इथवर साहाय्य केले आहे, असे कारणही तो सांगतो. प्रवचन बहुधा येथे थांबते. वाचकाने मात्र तीन अध्याय मागे जावे. चौथ्या अध्यायात इस्राएलाचे सैन्य ज्या ठिकाणी तळ देते, त्याचेही नाव एबन-एजर असेच आहे. तेथे त्याचा दारुण पराभव होतो, एली या याजकाचे दोन्ही पुत्र मारले जातात आणि कराराचा कोश शत्रूच्या हाती पडतो. दोन्ही ठिकाणे एकच होती की नाही, यावर भूगोलाच्या अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. कथनकाराने नाव एकच ठेवले आहे आणि आमच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. विजयाचा दगड पराभवाच्या नावाने उभा आहे. 'इथवर' या शब्दात सगळी वाट येते. त्या वाटेवर गमावलेला कोश आणि मेलेली माणसेही येतात. उद्या काय होईल, याविषयी तो दगड काहीही बोलत नाही.

स्तोत्रसंहितेत हाच विवेक अधिक उघडपणे दिसतो. १०५ आणि १०६ ही स्तोत्रे शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत एकाच लोकांचा इतिहास येतो. १०५ व्या स्तोत्रात अब्राहामाशी केलेल्या करारापासून वचनदत्त भूमीपर्यंत ईश्वराच्या कृत्यांची माळ ओवली आहे. तीत माणसांच्या अपराधांना जवळजवळ स्थान नाही. पान उलटले की १०६ वे स्तोत्र मिसरातून सुटका झालेल्या त्याच लोकांचा विसराळूपणा, कुरकुर, सोन्याचे वासरू, सारे काही सांगत सुटते. संहितेचे संकलन करणाऱ्यांना यांतले एक ठेवून दुसरे गाळता आले असते. त्यांनी दोन्ही ठेवली. कृतज्ञतेची आठवण आणि कबुलीची आठवण एकमेकींच्या शेजारी असल्या म्हणजेच दोन्ही खऱ्या राहतात, असे यातून निष्पन्न होते.

४४ वे स्तोत्र याहून धीट आहे. पूर्वजांनी आम्हांला तुझी कृत्ये सांगितली, ती आम्ही कानांनी ऐकली, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे येते ती तक्रार: मग आज तू आम्हांला का टाकलेस? आम्ही तर तुला विसरलो नव्हतो. येथे पूर्वीच्या साहाय्याचे स्मरण हाच ईश्वराविरुद्धचा पुरावा होतो. ७७ व्या स्तोत्रातील माणसाला रात्री झोप येत नाही. देवाची आठवण काढली की तो कण्हतो, म्हणजे आठवण त्याला प्रथम दुखवते. मग हळूहळू तो समुद्रातून काढलेल्या वाटेपाशी येतो आणि स्तोत्र तेथेच संपते. त्याचे स्वतःचे दुःख सरले की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. वहीच्या हिशेबाने ही नोंद अपुरी ठरेल. प्रार्थना म्हणून ती पुरी आहे.

नामदेव आणि जनाबाई वाचलेल्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. विठ्ठलाशी भांडणारा, त्याच्या पूर्वीच्या ब्रीदाची त्याला आठवण करून देणारा भक्त आपल्याकडे अभक्त ठरत नाही. उलट भांडण्याइतकी जवळीक त्याच्यापाशी आहे, असे आपण समजतो. हिब्रू स्तोत्रकर्ते आणि आपले संत यांचे देव वेगळे, काळ वेगळे. पण पूर्वीच्या साहाय्याची आठवण देवालाच करून द्यावी, ही भक्तीची रीत दोघांनाही ठाऊक आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेने आपल्या उपासनेत हे कितपत जपले? उत्तर संमिश्र आहे. पास्काच्या जागरण विधीत जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. अडचण असल्यास त्यांची संख्या कमी करता येते. परंतु निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातील समुद्र ओलांडण्याचे वाचन कधीही गाळता येत नाही. पुनरुत्थानाच्या रात्रीसुद्धा ख्रिस्तसभा आधी ही जुनी सुटका आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ मध्ये दैनिक प्रार्थनाविधीची नवी मांडणी झाली. तीत ७८, १०५ आणि १०६ ही इतिहास सांगणारी स्तोत्रे आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ आणि पास्काकाळ यांसाठी राखून ठेवली गेली. याच मांडणीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे त्यांतील शापवचनांमुळे वगळली गेली. प्रार्थना करणाऱ्याचे मन बिचकू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. तरी आम्हांला ते पटत नाही. चिडलेल्या माणसाला प्रार्थनेतून वगळले की तो प्रार्थनेबाहेर चिडतो. मात्र त्याच मांडणीत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ८८ वे स्तोत्र म्हटले जाते, हेही सांगितले पाहिजे. संहितेतील ते सर्वांत काळोखे स्तोत्र. त्याच्या शेवटी सुटका नाही, आभार नाहीत. अंधार हाच सोबती उरतो. वर उल्लेखिलेल्या आईला साक्षीच्या सभेत जागा नसेल, पण शुक्रवारच्या रात्रीच्या या प्रार्थनेत तिच्यासाठी जागा राखलेली आहे. दुर्दैवाने साधा भाविक सभेला जातो आणि रात्रीची प्रार्थना बहुधा मठांच्या भिंतींआड राहते.

या साऱ्याचे केंद्र अर्थात मिस्सा हे आहे. आपल्या स्मरणार्थ हे करत राहा, असे येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना सांगितले. ज्या रात्री हे सांगितले ती रात्र विश्वासघाताची होती. ज्या घटनेचे स्मरण करायचे, ती म्हणजे एका निरपराध माणसाचा वध. पेला दूर व्हावा, ही त्या माणसाने त्याच रात्री केलेली प्रार्थना त्याला हव्या त्या अर्थाने फळली नाही. कॅथलिक धर्मशिक्षणानुसार हे स्मरण म्हणजे मागे घडलेली गोष्ट नुसती मनात आणणे नव्हे; उपासनेत ती घटना आज, येथे समोर उभी राहते. आम्ही धर्मपंडित नाही. या सिद्धान्ताची खोली मोजणे आमचे काम नव्हे. पण ख्रिस्ती स्मरणाचा गाभाच न फळलेल्या प्रार्थनेतून जातो, इतके तर कोणत्याही वाचकाला दिसावे. पुनरुत्थान त्यानंतर येते. येशूच्या देहावरच्या जखमा पुनरुत्थानानंतरही राहतात, असे सुवार्ताकार आवर्जून सांगतो.

येथे पुन्हा 'क्रिस्तपुराणा'कडे येऊ. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांबरोबर हे पुराण कानडा जिल्ह्यात पोहोचले आणि तेथे ते दीर्घकाळ गाइले जात राहिले. जे. एल. सालढाणा यांची महत्त्वाची आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूरलाच निघाली, हा योगायोग नव्हे. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना घरादारांतून उठवून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपूच्या मृत्यूनंतर वाचलेले लोक परतले. कित्येक वाटेतच आणि बंदिवासात मरण पावले होते. धर्मगुरू आणि चर्च यांवाचून काढलेल्या त्या वर्षांत 'क्रिस्तपुराणा'ने या लोकांची श्रद्धा जिवंत ठेवली, अशी परंपरा सांगितली जाते. परंपरा म्हणूनच ती घ्यावी. तरी तिच्यातील चित्र विचार करायला लावते. मोशेने आपल्या लोकांना मिसरातून बाहेर काढल्याची कथा असलेले पुराण बंदिवान गात होते आणि त्यांच्यासाठी पंधरा वर्षे कोणताही समुद्र दुभंगत नव्हता. त्यांच्यापाशी वही असती, तर ती पहिल्याच वर्षी संपली असती. पुराण संपले नाही, कारण त्यातले साहाय्य त्यांच्या वैयक्तिक खात्यावर कधी जमा झालेलेच नव्हते. ते दुसऱ्या कोणाला, दुसऱ्या काळी मिळाले होते. गाताना ते यांचे झाले आणि गाणाऱ्याची स्वतःची सुटका होवो न होवो, तसेच राहिले. जो परतला नाही त्यालाही ते गाता आले होते. पुराणाचे बळ आम्ही म्हणतो ते हेच.

येथे कोणी आक्षेप घेईल की, परक्यांच्या सुटकेची कथा आपली मानणे ही फसवणूक नाही काय? साष्टीतल्या शेतकऱ्याचा आणि मिसरातल्या वेठबिगाऱ्याचा संबंध काय? आक्षेप गंभीर आहे, आणि साष्टीच्या बाबतीत तर विशेषच. ज्या श्रोत्याने नवे पुराण मागितले, त्याची जुनी पुराणे आपोआप नाहीशी झाली नव्हती. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे जेझुइट सहकारी गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन ठार करण्यात आले. ख्रिस्तसभेने आपल्या हुतात्म्यांची आठवण ठेवली. १८९३ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या गावकऱ्यांची आठवण गावाने ठेवली. एकाच मातीवर दोन स्मरणे उभी आहेत आणि त्यांतले एकच खरे, असे प्रामाणिक वाचकाला म्हणता येणार नाही.

हा पेच ख्रिस्ती लोकांपुरताच आहे, असेही नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेथल्या चर्चमधील घंटा विजयाच्या खुणा म्हणून महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच, असे सांगतात आणि तिचे नाव तर आपल्या बोलीतही शिरले आहे. एका समाजाने देवाचे आभार मानण्यासाठी जी घंटा टांगली, ती दुसऱ्या समाजाच्या उपासनेतून उतरवलेली होती. तो दुसरा समाजही मराठीच बोलतो आणि आज वसईत मराठीतच मिस्सा ऐकतो. १३६ वे स्तोत्रही ईश्वराच्या चिरंतन दयेचे पालुपद घोळवत मिसरच्या पहिल्या मुलांच्या मृत्यूपाशी येते. आपल्या सुटकेच्या आठवणीत दुसऱ्याचा मृत्यू दडलेला असतो, हे बायबल लपवत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात यावरचा एक उतारा मात्र आढळतो. तुम्ही मिसरात गुलाम होता हे आठवा, असे तेथे वारंवार बजावले आहे आणि त्याला लागूनच परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या न्यायाविषयी आज्ञा येते. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका. ती त्यांच्यासाठी असू द्या. म्हणजे पूर्वीच्या साहाय्याची आठवण देवावरचा विश्वास वाढवते तशीच माणसावर ऋणही ठेवते. ज्या स्मरणाने असे ऋण मानले नाही, ते फक्त विजयाचे स्मरण होते. पुराण कोणाचे मोडून कोणाला मिळाले, हेही ज्या दिवशी आठवणीत येईल, त्या दिवशी स्टीफन्स यांचे काव्य अधिक पुरतेपणी वाचले जाईल. त्याने काव्याचे काही कमी होणार नाही.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच. कॅथलिक भाविकाला पूर्वीचे साहाय्य आठवायला सांगणाऱ्यांनी त्याला ४४ वे आणि ८८ वे स्तोत्रही हाती द्यावे. साक्षीच्या सभेत फळलेल्या प्रार्थनेबरोबर न फळलेली प्रार्थनाही सांगू द्यावी, आणि ती सांगून झाल्यावर घाईने उपदेश करू नये. मराठीत कॅथलिक लेखनाची परंपरा लहान नाही. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने दीर्घकाळ ती वाहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. या परंपरेतील पुढच्या लेखकाकडून आमची अपेक्षा आभाराच्या आणखी एका पुस्तकाची नाही. मूल गमावलेली ती आई जेथे बोलू शकेल आणि तरीही ते स्मरणच राहील, असे गद्य त्याने लिहावे.

आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी? 'क्रिस्तपुराण' वर्गात उघडावे तेव्हा भाषास्तुतीच्या ओव्यांवर जाण्याआधी त्या श्रोत्यापाशी क्षणभर थांबावे. त्याच्या मागणीत श्रद्धा आहे आणि झालेली हानीही आहे. शमुवेलाच्या दगडावर दोन्ही एकाच नावाने नांदतात.